रकाना क्रमांक सात

ओपुवोपासून चार तास. त्यातला शेवटचा दीड
रस्ता म्हणावा असं काही नाही, कोरडी नदी आणि अंदाज.
माझ्याजवळ एक छापील अर्ज, रबरी हातमोजे,
आणि किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र,
ज्याची बॅटरी मी कालच बदलली होती, भीतीने.

गोळा वस्तीच्या आत पडला होता.
ताक घुसळायच्या भोपळ्याएवढा, काळवंडलेला,
एका बाजूला मात्र इतका गुळगुळीत
की त्यात माझा चेहरा रुंद दिसला.
यंत्र गप्प राहिलं. मी श्वास सोडला.
पोरांनी तो आधीच दोनदा लोळवून पाहिला होता.

वापिंदिका म्हणाली, तिथे नको उभा राहूस.
मी मागे सरलो.
शहरात राहून विसरायला होतं:
पवित्र अग्नी आणि गुरांचं कुंपण यांच्या मधली वाट
परक्याने ओलांडायची नसते.
पाहुणा वळसा घालून येतो, सरकारसुद्धा.
हा मात्र थेट वरून, पहाटे,
दोनदा आभाळ फाटल्यासारखा आवाज करून
बरोब्बर त्या वाटेवर.
तिचा थोरला दीर काझुवा
राखेपाशी बसून होता, माझ्याकडे पाठ करून.

मी समजावून सांगितलं.
की ही एका उपग्रहाची इंधनाची टाकी.
की तो वीस वर्षं वर फिरत होता, त्यातली अकरा मेलेला,
कुणाचं ऐकत नव्हता, पुढे पुढे कुणी हाकही मारेना.
की हवा तिथेही असते, नावापुरती,
आणि नावापुरती हवासुद्धा
रोज थोडं थोडं खाली ओढते.
की बाकी सगळं जळून गेलं,
हा धातू तेवढा चिवट.
की माणसाला लागायची शक्यता दहा हजारात एक,
तीही अख्ख्या जगात मिळून.

‘तो एक कोण, ते ठरलेलं असतं?’
‘नाही.’
‘मग विचारलं कुणाला?’
मी हातमोजे काढले. आतून ओले झाले होते.

अर्ज भरायला घेतला.
स्थळ. वेळ. वजन, अंदाजे. इजा: नाही.
एक शेळी बुजून खडकावरून पडली, लंगडते आहे;
तिला रकाना नव्हता, समासात लिहिली.
रकाना सात: मालकाचं नाव.

कंपनी विकली गेली. विकत घेणारी बुडाली.
जिथून उडाला तो देश म्हणतो, आम्ही फक्त उडवला.

वापिंदिका वाकून बघत होती.
अक्षरं तिला येत नाहीत,
रिकामी जागा मात्र कळते.
‘याचं आईकडचं कूळ कोणतं?’
थोड्या वेळाने: ‘बरं, बापाकडचं?’
आमच्यात दोन्ही लागतात.
एकाकडून गुरं येतात, दुसऱ्याकडून अग्नी.
दोन्ही नसलेलं कुणी
तिने पाहिलेलं नाही, मीही नाही.

काझुवा तेव्हा पहिल्यांदा बोलला, राखेशीच:
वाट ओलांडली की एक मेंढी.
कुणाची, ते त्या कागदाला विचार.

मेंढी मी नदीपलीकडच्या वस्तीवरून विकत घेतली,
वळसा घालून आत नेली.
कुणी आभार मानले नाहीत. मानायचे नव्हतेच.

परतताना गाडी वाळूत रुतली, रात्र तिथेच काढली.
मागे ट्रॉलीत गोळा जरा हलला की घरंगळायचा
आणि मी दचकायचो.
वर एक ठिपका सरकत गेला, मग दुसरा,
मग एका ओळीत पाच-सहा, मुंग्यांसारखे.
यातला कोण अजून हाकेला ओ देतो
आणि कोण नुसताच फिरतोय,
बराच वेळ ओळखायचा प्रयत्न केला.
खालून सगळे सारखेच चमकतात.

आता गोळा विंडहूकच्या गोदामात आहे, चिठ्ठी बांधून.
प्रवासखर्चात मी लिहिलं: डिझेल, पाणी, मेंढी एक.
बिल काल परत आलं.
मेंढीला वर्तुळ करून साहेबांनी
तांबड्या शाईत विचारलंय:
कुणाच्या वतीने?